चंद्रहासराव सुलभ करतात

चंद्रहासराव बिवलकरांनी आयुष्यात एकच सार्वजनिक काम केलं, आणि त्यात नुकसान झालं ते त्यांच्या मित्राचं, फर्डिनंड रुमावचं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाकी हकिकत हसण्यासारखी आहे. खुद्द चंद्रहासराव ती अर्ध्यापर्यंत हसतच सांगतात. मग त्यांना चष्मा पुसायचं आठवतं.

दोघांनी मुंबईच्या एका सरकारी कचेरीत सत्तावीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. फर्डिनंड निर्मळ गावचा, इंग्रजी टंकलेखक. त्याची बोटं सुरू झाली की साहेबलोकसुद्धा दारात थांबून बघत. चंद्रहासराव गोखिवऱ्याच्या फ्लॅटमधले, आवक-जावक विभागात. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, वहीत चढवायचा आणि मगच पुढे सोडायचा, हे त्यांचं काम होतं आणि हळूहळू तोच त्यांचा धर्म झाला. घरी लग्नपत्रिका आली तरी कोपऱ्यात तारीख पडल्याशिवाय ती कोणाला वाचायला मिळत नसे. त्यांच्या मसुद्यांत फर्डिनंड चुका काढायचा, मोठ्याने काढायचा, आणि त्या खरोखरच चुका असायच्या, याचा चंद्रहासरावांना जास्त राग यायचा.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी काचबिंदूने फर्डिनंडची दृष्टी गेली. पुढे चार वर्षं तो ओट्यावर खुर्ची टाकून नुसता बसून राहिला. दर रविवारी चंद्रहासराव स्कूटर काढून निर्मळला जायचे, त्याला पेपर वाचून दाखवायचे, आलेली पत्रं वाचायचे, अर्ज लिहून द्यायचे. फर्डिनंडची बायको डेल्फिन म्हणायची, "भाऊ, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं?" हे वाक्य चंद्रहासराव गोखिवऱ्यापर्यंत मनात घोळवत यायचे. खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचं.

मग २००६ साली फर्डिनंडच्या मुलीने, रिटाने, मस्कतहून येताना बापासाठी बोलणारा कॉम्प्युटर आणला. पडद्यावर जे इंग्रजी लिहिलेलं असेल ते तो वाचून दाखवायचा. आवाज सर्दी झालेल्या गोऱ्या साहेबासारखा. डेल्फिन त्याला 'पाहुणा' म्हणायची. आणि टाइप करायला फर्डिनंडला डोळे कधी लागलेच नव्हते.

त्याच सुमारास तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयाने 'नागरिक निरोप सेवा' नावाची वेबसाइट काढली होती. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण तिथे आमचा एक दाखला अजून अडकलेला आहे. तर घरबसल्या निरोप लिहायचा, तो योग्य त्या खात्याकडे जायचा आणि उत्तर त्याच ठिकाणी यायचं. तिच्यात एक साधं इंग्रजी पान होतं. पांढऱ्यावर काळी अक्षरं. नाव, पत्ता, निरोप, पाठवा. बस्स. फर्डिनंडने पाहुण्याला हाताशी धरून पहिला निरोप पाठवला तो देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साला जायच्या वाटेवरच्या उघड्या गटाराचा. अकराव्या दिवशी गटारावर झाकणं पडली.

झाकणं पडली आणि सगळी गल्ली फर्डिनंडच्या ओट्यावर आली. कोणाचा नळ, कोणाचा विजेचा खांब, कोणाच्या वाडीतून घुसलेला रस्ता. ज्याला हात धरून देवळात न्यावं लागायचं त्याच्याकडे लोक कागद घेऊन रांगेत बसू लागले. डेल्फिनला चहाची पातेली मोठी घ्यावी लागली. फर्डिनंडने इस्त्रीचे शर्ट पुन्हा बाहेर काढले.

"गटाराचं मला सांगायचंस, मी लिहिला असता अर्ज," चंद्रहासराव म्हणाले.

"मला लिहायचा होता," फर्डिनंड म्हणाला.

यावर खरं तर विचारायला हवं होतं की बाबा रे, तू तो लिहिलास कसा, पान कुठलं, पाहुणा काय वाचतो. पण विचारलं असतं तर पुढे कौतुक करावं लागलं असतं. चंद्रहासरावांनी चहा संपवला आणि ते लवकर निघाले.

आता मुख्य भानगड. पुढच्या वर्षी सोसायटीच्या पाण्याची तक्रार करायला चंद्रहासराव एका सायबर कॅफेत गेले. स्वाभिमानाने त्यांनी त्याच सेवेचं मराठी पान उघडलं, तर पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मधूनच एखादा रुसलेला रफार. फॉन्ट नसला की मराठी तेव्हा अशीच दिसायची. शेजारच्याने सांगितलं, काका, इंग्रजी पान चालतं ना. झालं. चंद्रहासरावांनी घरी येऊन त्या कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं, पोचपावतीसह पाठवलं आणि प्रत आपल्या जावक-वहीत चढवली.

सरकारी कार्यालयाला चार पानी पत्र पाठवलं तर सहसा काही होत नाही. पण त्या कार्यालयाला नेमकी वरून तंबी आली होती की सेवा सर्वांसाठी सुलभ करा आणि समितीत एक नागरिक घ्या. नागरिक कुठून आणायचा हा प्रश्न होताच. महिन्याभरात चंद्रहासरावांना पत्र आलं की 'नागरिक निरोप सेवा वापरसुलभता व सर्वसमावेशकता सुधार समिती'वर अशासकीय सदस्य म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे. चंद्रहासरावांनी ते पत्र लॅमिनेट केलं. पत्नीने, मनोरमाबाईंनी, ते देवाजवळ ठेवायला नकार दिला, म्हणून ते टीव्हीवर गेलं.

बातमी सोसायटीत पसरली, म्हणजे चंद्रहासरावांनी ती जिन्यात तीनदा सांगितली. लगेच सल्ले सुरू झाले. सेक्रेटरी हरिश्चंद्र म्हणाले, "आधी आपल्या पाण्याच्या वेळा टाका वर. सरकारी वेबसाइट असून पाण्याची वेळ नाही म्हणजे काय?" पहिल्या मजल्यावरच्या जयवंतीबाई म्हणाल्या, "वर गणपती पाहिजे हो. गणपतीशिवाय सुरुवात करतात का कोणी? म्हणूनच चालत नाही ती." कोणी अक्षरं सोनेरी करा म्हणालं, कोणी हलती करा म्हणालं. निरोप पोचला की सनई वाजावी, असंही एकाचं म्हणणं पडलं. चंद्रहासरावांनी कोणाला नाही म्हटलं नाही. प्रत्येक सूचनेला आवक नंबर दिला. एकूण एकतीस भरल्या.

सगळ्या सोसायटीला सांगितलं, फक्त फर्डिनंडला सांगितलं नाही. काम पुरं झाल्यावर सांगू, असा विचार. मसुदा त्याच्यापुढे ठेवायचा म्हणजे पुन्हा चुका ऐकायच्या, आणि त्याही बरोबर.

"फर्डिनंडभाऊंना विचारलंत का?" मनोरमाबाई एकदा भाजी निवडताना म्हणाल्या. "ते रोज वापरतात म्हणे ती साइट."

"त्याला विचारून काय? त्याला कुठे दिसतंय?"

मनोरमाबाईंनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. आपण काहीतरी वाईट बोललो हे चंद्रहासरावांना कळलं. ते त्यांना अजून टोचतं. पण तेव्हा त्यांनी एवढंच केलं की खोलीत जाऊन सूचना क्रमांक सतरामध्ये भर घातली: 'अंध नागरिकांच्या सोयीसाठी अक्षरे अधिक ठळक करावीत.' समितीत त्यापुढे 'मान्य' असा शेरा पडला. आठ सुशिक्षित माणसं होती त्या खोलीत.

त्या समितीची कामाची रीत सांगायलाच हवी. अध्यक्षसाहेबांना पडद्यावर वाचायची सवय नव्हती. शिवाय बैठकीच्या दिवशी हमखास वीज जायची. म्हणून ठरलं की वेबसाइटचे प्रिंट काढून आणायचे, नस्तीला, म्हणजे फाइलला, लावायचे आणि नस्ती फिरवायची. ज्याला जे खटकेल त्याने लाल शाईने खूण करावी. सात महिने ती वेबसाइट अशी कागदावरून सुधारली. कोणी तिच्यावर बोट ठेवून दाबून बघितलं नाही. दाबलं असतं तरी कागदच दाबला गेला असता. चंद्रहासरावांना या पद्धतीत काही वावगं वाटलं नाही. उलट प्रत्येक पानाला क्रमांक आहे, प्रत्येक शेऱ्याखाली सही आहे, हे पाहून त्यांना निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

प्रत्यक्ष काम करणारा होता हर्षवर्धन. त्याचं ऑफिस वालीवला, खाली प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना आणि वर हा. खाली बादली दाबली की वर पडदा हलायचा. चंद्रहासरावांनी त्याच्यापुढे चौकोनांचं दुखणं मांडलं.

"काका, टेन्शन नका घेऊ," हर्षवर्धन म्हणाला. "सगळं मराठी आपण इमेज करून टाकू. म्हणजे अक्षरांचा फोटोच. मग फॉन्ट असो नसो, जगात कुठेही तुमची मराठी अश्शी दिसणार."

त्याने करून दाखवलं. चंद्रहासरावांनी पडद्यावर टपोरी, ठळक, एकही रफार न हललेली मराठी बघितली आणि त्यांचे डोळे भरून आले. 'नाव', 'पत्ता', 'निरोप', 'पाठवा', सगळ्यांचे फोटो, सोनेरी किनारीसकट. गणपती नियमात बसत नव्हता म्हणून त्याच्या जागी केळीचं झाड आलं. ते इतकं मोठं होतं की कॅफेत पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. जयवंतीबाईंनी ते केळीचं आहे हे मान्य केलं, पण आपली सूचना डावलली गेली असं त्या अजून म्हणतात.

राहिलं इंग्रजी पान. त्याचा विषय शेवटच्या बैठकीत निघाला. त्या पानावरून येणारे निरोप म्हणे वेगळ्या वहीत चढत. दोन वह्या ऐकून चंद्रहासरावांच्या अंगावर काटा आला. आवक म्हणजे एक दार आणि एक वही. दोन दारं झाली की कागद हरवलाच म्हणून समजा. हे त्यांनी वीस मिनिटं समजावून सांगितलं, आणि कधी नव्हे ते समितीने ऐकून घेतलं. कारकून म्हणाला, "तसे इंग्रजीतून महिन्याला चार-पाचच येतात साहेब. तेही बहुतेक एकाच गावाहून." कुठलं गाव, हे कोणी विचारलं नाही. आवक-जावकच्या माणसाने तरी विचारायला हवं होतं. इंग्रजी पान बंद करण्याची सूचना चंद्रहासरावांनी मांडली आणि ती एकमताने मंजूर झाली.

उद्घाटनाला अध्यक्षसाहेबांनी नारळ फोडला, तो थेट कीबोर्डशेजारी. पाणी जायचं तिथे गेलं आणि पडदा काळा झाला. पाहुणे आलेले, पेढे आणलेले. मग नस्ती मध्ये ठेवून तिची फीत कात्रीने कापली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रहासरावांनी प्रमाणपत्रावर सही केली: 'सदर सेवा सर्व नागरिकांस वापरण्यास सुलभ झाली असल्याचे मी प्रमाणित करतो.' सही नेहमीपेक्षा थोडी मोठी आली.

त्यानंतरच्या गडबडीत दोन रविवार बुडले. तिसऱ्या रविवारी उरलेले पेढे आणि प्रमाणपत्राची प्रत घेऊन चंद्रहासराव निर्मळला गेले. आता सांगायचं, असं ठरवूनच गेले होते. ओट्यावर रांग नव्हती. चार खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात ठेवल्या होत्या.

फर्डिनंड आत कॉम्प्युटरपुढे बसला होता. घरातल्या बनियनवर.

"कोण, बिवलकर? ये. जरा ऐक हे," तो म्हणाला आणि त्याने एक कळ दाबली.

"ग्राफिक," पाहुणा म्हणाला.

फर्डिनंडने पुन्हा दाबली. "ग्राफिक." पुन्हा दाबली. "ग्राफिक." तो कळ दाबत एकेक ओळ खाली जात राहिला आणि पाहुणा त्याच सर्दीच्या आवाजात ग्राफिक ग्राफिक म्हणत राहिला. चंद्रहासरावांनी पडद्याकडे बघितलं. केळीचं झाड होतं, सोनेरी किनार होती, त्यांची ती टपोरी मराठी होती. फोटोत काय लिहिलंय ते पाहुण्याला वाचता येत नव्हतं. फोटो आहे, एवढंच तो सांगत होता.

"तीन आठवडे असंच चाललंय," फर्डिनंड म्हणाला. "इंग्रजी पान गेलं. काय कुठे लिहायचं, काही कळत नाही. क्लेमेंटीन मावशीचा विहिरीवरच्या दिव्याचा निरोप राहिलाय. परवा विचारायला आली होती. मी म्हटलं, मशीन बिघडलंय."

"मशीन बिघडलंय म्हणालास?"

"मग काय सांगू? मी आंधळा आहे, हे किती वेळा सांगायचं लोकांना?"

चंद्रहासरावांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"कागद घे," फर्डिनंड म्हणाला. "आज तूच लिही. मराठीत लिही, नाहीतर वाचणार नाहीत. महोदय, मी निवृत्त सरकारी टंकलेखक असून पाच वर्षांहून अधिक काळ अंध आहे. आपल्या सेवेच्या इंग्रजी पानावरून मी आजवर अठ्ठावन्न निरोप पाठविले. लिहिलंस?"

"लिहिलं."

"ते पान बंद करून आपण सर्व अक्षरांची चित्रे केली आहेत. ज्या कोणा बिनडोक माणसाने हे सुचविले, त्याने एकदा डोळे मिटून आपले काम वापरून पाहावे."

चंद्रहासरावांनी 'बिनडोक' हा शब्द लिहिला. 'माणसाने'ही लिहिला. मग पेन उचललं ते टेकवेना.

"का थांबलास? शाई संपली?"

"तो माणूस मी आहे," चंद्रहासराव म्हणाले.

मग चंद्रहासरावांनी सगळं सांगितलं. समिती, प्रिंट, वालीवचा हर्षवर्धन, दोन वह्या, सूचना क्रमांक सतरासुद्धा. सतराव्या सूचनेला फर्डिनंडच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं, पण ते राहिलं नाही.

"मला विचारलं का नाहीस?"

याचं बरं दिसेल असं उत्तर चंद्रहासरावांनी शोधून बघितलं. मिळालं नाही. "तुला दिसत नाही म्हणून," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, "आणि तुला माझी गरज राहिली नाही, त्याचंही मला वाईट वाटलं होतं. फार वाईट वाटलं होतं, रुमाव."

डेल्फिन चहा ठेवून गेली. पाहुणा मध्येच आपणहून "ग्राफिक" म्हणाला, तेव्हा फर्डिनंडने हात पुढे करून कॉम्प्युटर बंद केला.

"मी उद्याच्या उद्या ते पान उघडवतो," चंद्रहासराव म्हणाले. ते उघडणार नव्हतं, हे बोलतानाच त्यांना ठाऊक होतं. काम पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर सही पडली होती. आता बदल करायचा म्हणजे नवी मागणी, नवी समिती, नवी निविदा. सरकारी कागद पुढे कसा जातो आणि मागे कसा येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? "तोवर हे पत्र देतो. तो शब्द तेवढा काढू का?"

"कुठला?"

"बिनडोक."

फर्डिनंडने चहाचा घोट घेतला. "राहू दे," तो म्हणाला. "सरकारी कागदात खाडाखोड बरी दिसत नाही. पुढे लिही."

चंद्रहासरावांनी पत्र पुरं केलं, फर्डिनंडच्या बोटाखाली सहीची जागा दाखवली आणि सोमवारी स्वतः नेऊन दिलं. पंधरा दिवसांनी ते गोखिवऱ्याला त्यांच्याच घरी परत आलं. वर शेरा होता: 'अशासकीय सदस्य श्री. बिवलकर यांजकडे अभिप्रायार्थ.' त्यांनी अभिप्राय लिहिला, 'तक्रारदाराचे म्हणणे शब्दशः बरोबर आहे,' आणि 'शब्दशः'खाली रेघ मारली. त्याला वर्ष होत आलं. विषय विचाराधीन आहे.

आता दर रविवारी चंद्रहासराव पुन्हा निर्मळला जातात. गल्लीतले लोकही पुन्हा येऊ लागलेत. फर्डिनंड मजकूर सांगतो, चंद्रहासराव लिहितात आणि सोमवारी कार्यालयात जाऊन नंबर घेऊन येतात. चुका फर्डिनंड अजून काढतो, पण हल्ली हळू आवाजात. चंद्रहासरावांना ते सहन होत नाही. मागच्या रविवारी क्लेमेंटीन मावशी आली. दिव्याचं काही झालं नव्हतं. तिने जुन्या अर्जाची प्रत चंद्रहासरावांच्या हातात दिली.

"मावशी, अर्ज रुमाव करतात. मी नुसता लिहून घेतो. त्यांना सांगा."

"हो, हो," मावशी म्हणाली, आणि आपली खुर्ची ओढून चंद्रहासरावांकडे तोंड करून बसली. फर्डिनंड पलीकडे होता. त्याला दिसलं नाही, पण खुर्ची कोणत्या बाजूला सरकली ते त्याला ऐकू आलं.